परवान्यावरचे बिऱ्हाड : प्रस्तावना

चेन्नईच्या जॉर्ज टाऊनमधील मण्णडी भागात, हातगाड्यांच्या आणि मालमोटारींच्या कोलाहलातून वाट काढीत गेले असता, एका अरुंद रस्त्याच्या तोंडाशी ‘कोरल मर्चंट स्ट्रीट’ अशी पाटी दिसते. तामिळ माणसे त्या रस्त्याला पवळक्कार तेरू म्हणतात. पवळम् म्हणजे पोवळे. संस्कृत ‘प्रवाल’ हा शब्द तामिळात आणि मराठीत इतक्या सख्ख्या रूपांनी उतरला आहे की, तंजावरच्या मराठी घराण्यात जन्मून या शहरात वाढलेल्या माझ्यासारख्यास त्या पाटीचा अर्थ कधी कोणाला विचारावा लागला नाही. विचारावयास हवे होते ते निराळेच, आणि ते मला फार उशिरा सुचले. मंगळाची पीडा टळावी म्हणून अंगठीत बसवितात ते तांबडे पोवळे, गळसरीत मण्यांबरोबर ओवतात ते पोवळे, आणि मृताच्या मुखी घालावयाच्या पंचरत्नांतलेही पोवळे, हे काही कोरोमंडलच्या समुद्रात सापडत नाही. मग ज्यांनी ते येथे आणले, आणि इतके आणले की अख्ख्या रस्त्यास त्याचे नाव पडले, ते कोण होते, कोठून आले होते, आणि कोठे गेले? आज त्या रस्त्यावर चेट्टी मंडळींची जुनी घरे आहेत, गोदामे आहेत, देवळे आहेत. पोवळ्यांचा वास मात्र पाटीपुरता उरला आहे.

थोडक्यात उत्तर द्यावयाचे तर ते असे. पोवळ्याच्या किरकोळ विक्रीत देशी सावकार आणि दलाल होतेच; परंतु भूमध्य समुद्राचे पोवळे लंडनमार्गे मद्रासेस आणून त्याच्या मोबदल्यात गोवळकोंड्याचे हिरे नेणारे जे परदेशी व्यापारी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोर्ट सेंट जॉर्जच्या आश्रयास आले, त्यांत अग्रभागी होती ती पोर्तुगीज भाषा बोलणारी यहुदी कुटुंबे; आणि ही कुटुंबे व्यापारी म्हणून येथे येण्यापूर्वी, पिढ्यान् पिढ्या, निर्वासित होती. यातील पहिली गोष्ट इतिहासकारांनी पुष्कळ लिहिली आहे. दुसरी तिच्या ओझ्याखाली दबून गेली, अशी माझी तक्रार आहे, आणि प्रस्तुत ग्रंथ म्हणजे त्या तक्रारीची सविस्तर कैफियत होय.

या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकासाठी आधी भूमीची आखणी करणे प्राप्त आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे यहुदी म्हटले की बेने इस्राएल उभे राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून तरलेल्या पूर्वजांची परंपरा सांगणारे, कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले, गावांवरून आडनावे लावणारे हे लोक भाषेने आणि वेषाने आपलेच. त्यांच्यातील सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, यांनी १७९६ साली मुंबईत सभास्थान बांधले, आणि १९४८ नंतर त्यांच्यातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलात जाऊन वसली, तेव्हा त्यांनी मराठी सोबत नेली व तेथून ‘मायबोली’ नावाचे नियतकालिकही चालविले. पण त्यांचे हे जाणे छळातून झालेले नव्हते; ज्या देशात त्यांना कोणी हाकलले नाही तो देश त्यांनी सोडला, आणि ज्या देशाची शतकानुशतके प्रार्थना केली तेथेच, १९६० च्या दशकाच्या आरंभी, त्यांच्या यहुदीपणाविषयी धर्मपीठाने शंका काढली. ती कथा स्वतंत्र आहे, आणि तिच्यावर स्वतंत्र लेखन झालेही आहे.

कोचीची कथा दुसरी. तेथील परदेशी सभास्थान १५६८ चे; ते पोर्तुगीजांनी १६६२ मध्ये जाळले आणि डचांचा अंमल बसताच पुन्हा उभे राहिले. कोलकात्यात व मुंबईत बगदादी यहुदी आले ते त्याहून पुष्कळ पुढे. बगदादच्या दाऊद पाशाच्या जुलमास कंटाळून निघालेले डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईस पोहोचले, आणि त्यांच्या घराण्याच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या वास्तूंच्या सावलीतून मुंबईकर आजही जातो येतो. १९३३ नंतर हिटलरच्या जर्मनीतून सुटलेले वैद्य, चित्रकार, संगीतज्ञ मुंबईस आले. त्यांतल्या वॉल्टर काउफमान यांनी बांधलेली आकाशवाणीची सूचक धून ऐकत आमच्या पिढ्या सकाळी उठल्या, आणि ती एका निर्वासिताची आहे हे आम्हांस ठाऊकही नव्हते.

या साऱ्यांच्या आधीचा, आणि माझ्या मते या विषयाचा खरा आदिपुरुष म्हणता येईल असा एक मनुष्य मंगळूरास होऊन गेला. अब्राहम बेन यिजू हा मूळचा आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील महदियाचा व्यापारी ११३२ च्या सुमारास तुळुनाडूत होता; त्याने तेथे पितळेचा कारखाना चालविला, आशू नावाच्या दासीस रीतसर दास्यमुक्तीचा लेख करून दिला आणि तिच्याशी संसार मांडला असे दिसते. ११४८ साली सिसिलीच्या नॉर्मन राजाने महदिया जिंकली तेव्हा त्याची भावंडे उघड्यावर पडून सिसिलीस गेली. ही बातमी कानी येताच, ११४९ मध्ये एडनला परतलेल्या या मनुष्याने भावांना पत्रे धाडली, की आपण मिळविले आहे ते सर्वांना पुरेल, या, आणि आपल्या मुलीस भावाच्या मुलाशिवाय दुसरा वर नको. कैरोच्या सभास्थानातील ‘गेनिझा’ नावाच्या कोठीत ही पत्रे टिकली. त्या मुलीचा विवाह खरोखरच ११५६ साली चुलतभावाशी झाला. राज्य उलथले असता कुटुंब कसे विखुरते आणि पत्रांच्या दोऱ्याने स्वतःस कसे पुन्हा ओवून घेते, याचे इतके स्पष्ट चित्र हिंदी महासागराच्या इतिहासात मला दुसरे आढळले नाही. म्हणून मद्रासच्या कुटुंबांविषयी लिहितानाही बेन यिजू माझ्या मनातून गेला नाही.

आता मद्रासकडे येणाऱ्या वाटेचा माग. १४९२ साली स्पेनच्या राजदांपत्याने यहुद्यांस देशत्यागाची आज्ञा केली, तेव्हा त्यांतील फार मोठा समुदाय शेजारच्या पोर्तुगालात गेला. पाचच वर्षांत, १४९७ मध्ये, तेथे सर्वांस बलाने बाप्तिस्मा देण्यात आला, आणि ‘नवख्रिस्ती’ नावाचा एक वर्ग निर्माण झाला, की ज्यास जुना धर्म पाळण्याची मनाई होती आणि नव्या धर्मात विश्वासाने कोणी घेत नव्हते. १५०६ साली लिस्बनमध्ये त्यांची कत्तल झाली. १५३६ मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशन बसले. पळावयाचे तर कोठे? पोर्तुगालची गलबते जात होती तेथे, म्हणजे गोव्यास. पण १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यासही पोहोचले. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या १९६१ च्या ग्रंथात त्याच्या कारभाराचे जे वर्णन केले आहे ते मराठी वाचक हिंदूंच्या छळाच्या संदर्भात वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या न्यायासनाचा पहिला रोख या नवख्रिस्त्यांवर होता हे विसरता कामा नये. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, त्याने हिंदी वनौषधींवर संवादरूप ग्रंथ लिहून १५६३ साली गोव्यातच छापविला, आणि मुंबईचे बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. तो १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून काढून जाळण्यात आली. पश्चिम किनारा या लोकांस बंद झाला तो असा. मद्रासच्या यहुदी कुटुंबांची कथा गोव्याशिवाय कळत नाही, कारण जेथे आपली भाषा राजभाषा होती तेच बंदर त्यांना सर्वांत अधिक धोक्याचे होते.

तेव्हा पुढची वाट फिरून उत्तरेकडून गेली: ॲमस्टरडॅम, इटलीतील लिव्होर्नो, आणि १६५६ नंतर लंडन. लिव्होर्नोस टस्कनीच्या ड्यूकने १५९३ साली दिलेल्या सनदेमुळे यहुद्यांस धर्माचे व व्यापाराचे स्वातंत्र्य होते, आणि सार्डिनिया, कॉर्सिका व आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर निघणारे पोवळे घासून, भोक पाडून, माळांत ओवण्याचा धंदा तेथे भरभराटला होता. लंडनचा नातलग ते विकत घेई, ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतावर चढवी, आणि मद्रासचा नातलग ते उतरवून घेई. हिऱ्यांच्या खाणींत सर्वांत नामांकित कोल्लूर. कृष्णेच्या काठची ही जागा आज पुलिचिंतला धरणाच्या जलाशयाखाली गेली आहे. तेथून आलेले कच्चे हिरे पारखून, पुडीत बांधून, पुडीवर मोहोर करून परतीच्या गलबताने लंडनास जात. एका पत्राच्या उत्तरास वर्ष दीड वर्ष लागे, आणि त्या अवधीत मालही परक्याच्या हाती, पैसाही परक्याच्या हाती. हुंडीचा आणि पतीचा व्यवहार मराठी सावकारीतही होता. म्हणून आपल्या वाचकास हे समजावयास अवघड जाऊ नये, की या धंद्यात भांडवलापेक्षा भाऊ, मेहुणा, जावई यांची किंमत अधिक होती.

परंतु या साऱ्यांच्या वर एक कागद होता: परवाना. कंपनीस हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता होता. तिच्या नोकरीबाहेरच्या मनुष्यास किल्ल्याच्या छायेत राहावयाचे तर लंडनच्या संचालकांची अनुज्ञा लागे, पोवळे उतरवावयाचे तर शुल्क लागे, हिरे पाठवावयाचे तर त्याची नोंद कंपनीच्या वहीत करावी लागे. इंग्लंडातही या लोकांस नागरिकत्व असे नव्हते. त्यांची गणना परकीयांत होई. म्हणजे ज्यांस स्पेनने काढले, पोर्तुगालने बाटविले आणि गोव्याने जाळले, त्यांस इंग्रजांनी आसरा दिला तो दयेने नव्हे आणि धर्मतत्त्वानेही नव्हे. त्यांस हिऱ्याची पारख होती व युरोपातील बाजारांत त्यांचे आप्त होते, म्हणून दिला. या ग्रंथाचे नाव मी ‘परवान्यावरचे बिऱ्हाड’ असे ठेविले आहे ते याच कारणाने. बिऱ्हाड शब्दात संसार आहे, चूल आहे, मुले आहेत; पण जागा दुसऱ्याची आहे.

या कथेचा केंद्रबिंदू १६८७ हे वर्ष होय. इतक्या घटना एका वर्षात याव्या याचे मला आजही नवल वाटते. त्या वर्षी एलिहू येल मद्रासचा गव्हर्नर झाला. सप्टेंबरात औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि कुतुबशाही बुडाली. डिसेंबरच्या ३० तारखेस मद्रास नगरपालिकेची सनद निघाली. ॲमस्टरडॅमहून कोचीस येऊन गेलेल्या मोझेस पेरेरा द पाइव्हा याचा तेथील यहुद्यांविषयीचा वृत्तांत त्याच वर्षी छापून निघाला. आणि त्याच वर्षी जॅक द पाइव्हा हा हिऱ्यांचा व्यापारी गोवळकोंड्याच्या बाजूच्या खाणींकडून आजारी होऊन परतला व मद्रासेत मरण पावला. मद्रासच्या यहुदी वसाहतीच्या संस्थापकांत त्याची गणना होते. पेद्दनायकनपेटेत या लोकांचे दफनस्थान झाले ते त्याच्याच प्रयत्नाने, आणि त्यात त्यालाच पुरण्याची वेळ आली.

त्याच्या मागे राहिली ती त्याची पत्नी हिएरोनिमा. मद्रासच्या आख्यायिकांत आणि गंभीर म्हणविणाऱ्या ग्रंथांतही ही स्त्री एकाच प्रकारे येते: गव्हर्नर येलच्या बागेतील घरी जाऊन राहिलेली, त्याच्यापासून मुलगा झालेली आणि पुढे त्या मुलासह केप ऑफ गुड होपच्या वसाहतीत गेलेली. हे सारे घडले याविषयी वाद नाही. वाद आहे तो ते सांगण्याच्या सुराविषयी. ज्या किल्ल्यात तिच्या नवऱ्याचे वास्तव्य परवान्यावर होते, तेथे नवरा गेल्यावर तिचे वास्तव्य कशावर होते? लंडनचे गलबत वर्षातून ठराविक वेळी सुटे, आणि ज्या मुलखात नवरा हिरे घेण्यास गेला होता त्या मुलखाचे राज्यच त्याच वर्षी नष्ट झाले होते. येलचे नाव अमेरिकेतील विद्यापीठास मिळाले. त्याने तेथे १७१८ साली पाठविलेल्या मालाची यादी लोक कौतुकाने सांगतात. हिएरोनिमेची यादी कोणी केली नाही. या ग्रंथातील सर्वांत दीर्घ विवेचन तिच्याविषयी आहे, आणि ते मी जाणूनबुजून तसे ठेविले आहे. कुटुंबाचे स्थलांतर म्हणताना आपण पुरुषांच्या हिशेबाच्या वह्या वाचतो, आणि प्रवासाचा, प्रसूतीचा, वैधव्याचा हिशेब कोणत्याच खात्यावर पडत नाही.

सनदेनुसार २९ सप्टेंबर १६८८ रोजी मद्रासची नगरपालिका सुरू झाली. कंपनीचा सूत्रधार जोशाया चाइल्ड याचा आग्रह असा होता की तिच्या अल्डरमनांत शहरातील निरनिराळ्या जमातींचे प्रमुख असावेत. म्हणून इंग्रजांच्या शेजारी देशी व्यापारी बसले आणि त्यांच्या शेजारी ‘हिब्रू’ व्यापारीही बसले, ज्यांत बार्तोलोमेउ रोद्रिगेश आणि दोमिंगो दो पोर्तो ही नावे येतात. त्या काळी इंग्लंडातील कोणत्याही शहरात यहुद्यास ही खुर्ची मिळाली नसती. तरी या खुर्चीने भारावून जाण्याचे कारण नाही. चाइल्डला कर वसूल करावयाचा होता, आणि ज्याच्याकडून कर घ्यावयाचा त्याचा मनुष्य सभेत असला म्हणजे कुरकुर कमी होते, हे धोरण कोणत्याही चतुर मामलेदारास सांगावे लागत नाही.

मराठी वाचकास येथे एक प्रश्न पडेल तो मलाही पडला होता: या वर्षांत आपली माणसे कोठे होती? ती अगदी जवळ होती. व्यंकोजी राजांनी तंजावर घेतले त्यास तेव्हा दहा बारा वर्षे झाली होती. १६७७ च्या कर्नाटक स्वारीत शिवछत्रपतींनी मद्रासकर इंग्रजांकडून औषधी खडे व विषावरचे उतारे मागविले होते. आणि पवळक्कार तेरूपासून थोड्याच अंतरावर तंबू चेट्टी रस्त्यातील काळिकांबाळ मंदिरात, त्याच वर्षी महाराज दर्शनास आल्याचे आजही अभिमानाने सांगतात. राजाराम महाराज जिंजीस असताना, १६९० मध्ये, येलने तेगनापट्टणचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. तोच फोर्ट सेंट डेव्हिड. म्हणजे स्वराज्याचे संकटात सापडलेले सिंहासन महाराष्ट्र सोडून जिंजीस आश्रयाला आले होते, आणि त्याच मुलखात, काही मजलांवर, आयबेरियाचे हे निर्वासित आपली पुडकी बांधीत होते. दोघांमध्ये काही संबंध होता असे मी म्हणत नाही. परंतु एका भूमीवर एकाच काळी दोन प्रकारची बिऱ्हाडे पडली होती, एक तलवारीच्या बळावर आणि एक कागदाच्या, हे दृश्य तंजावरी मराठी माणसाच्या मनात घर करून राहिल्यास नवल नाही. आमचे पूर्वज राज्यासह आले, म्हणून आम्ही राहिलो. राज्य गेल्यावरही आमच्या मागे इनामे, देवळे, सरस्वती महाल आणि मोडी कागदांची दप्तरे राहिली.

पोर्तुगीज यहुद्यांच्या मागे फारसे राहिले नाही. अठराव्या शतकात काही काळ त्यांची भरभराट होती. १७०९ साली निवर्तलेला इझाक आबेंदाना हा हिऱ्यांचा पारखी गव्हर्नर थॉमस पिटच्या काळातला, आणि पिटने विकत घेतलेला तो प्रसिद्ध ४१० कॅरटचा कच्चा हिरा याच बाजारातला. पुढे १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, गोवळकोंड्याच्या खाणी उतरणीस लागल्या, १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतली व तीन वर्षांनी परत दिली, आणि शतक संपता संपता ही कुटुंबे शहराच्या कागदांतून दिसेनाशी झाली. शेजारच्या आर्मेनियन मंडळींशी तुलना केली म्हणजे फरक उमगतो. तेही शाह अब्बासने जुल्फाहून उचलून नेलेले निर्वासितच; पण त्यांचे १७७२ चे देऊळ आर्मेनियन स्ट्रीटवर उभे आहे, आणि पेत्रुस उस्कानच्या दानाची साक्ष सेंट थॉमस माउंटच्या पायऱ्या देतात. यहुद्यांचे येथे असे सभास्थान राहिले नाही. त्यांच्या थोड्याशा समाधिशिलाही गेल्या शतकात एकीकडून दुसरीकडे हलविल्या जात अखेर लॉइड्स रोडवरच्या लहानशा आवारात विसावल्या. मेल्यानंतरही ज्यांच्या दगडांना बिऱ्हाड बदलावे लागले अशा लोकांविषयी लिहिताना लेखणी जड होते, हे मी लपवीत नाही.

या विषयावरील लेखनाचे प्रवाह आता सांगतो. पहिला प्रवाह मद्रासच्या इंग्रज दप्तरदारांचा: टॅल्बॉइज व्हीलर, आणि विशेषतः हेन्री डेव्हिसन लव्ह, ज्यांच्या १९१३ च्या ‘व्हेस्टिजेस ऑफ ओल्ड मद्रास’ या ग्रंथावाचून आजही कोणाचे पाऊल पुढे पडत नाही. त्यांची निष्ठा कागदावर. पण कागद कंपनीचा, म्हणून दृष्टीही कंपनीची. दुसरा प्रवाह यहुदी इतिहासकारांचा. वॉल्टर फिशेल यांनी १९६० मध्ये मद्रासच्या या व्यापारी वसाहतीवर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि शेलोमो गॉयटाइन यांनी गेनिझातील हिंदी व्यापाऱ्यांची पत्रे उजेडात आणली. हे दोघेही जर्मनीत जन्मून जेरुसलेममार्गे अमेरिकेस पोहोचलेले, तेव्हा दुसऱ्याच्या स्थलांतराकडे पाहण्याची त्यांची नजर उसनी नव्हती. तिसरा प्रवाह अर्थेतिहासाचा. गेदालिया योगेव यांच्या १९७८ च्या ‘डायमंड्स अँड कोरल’ या ग्रंथाने हिरे आणि पोवळे यांची देवघेव एका साखळीत मांडून दाखविली, आणि त्यानंतर या व्यापाराविषयी अंदाजाने बोलण्याचे दिवस संपले. चौथा, आणि सध्या सर्वांत जोरात असलेला प्रवाह विश्वासाच्या जाळ्यांचा अभ्यास करतो. फ्रान्चेस्का त्रिवेल्लातो यांनी २००९ मध्ये लिव्होर्नोच्या यहुदी व्यापाऱ्यांवरील ग्रंथात दाखवून दिले की हे लोक केवळ आपल्या धर्मबांधवांवर विसंबून नव्हते. गोव्याच्या हिंदू सारस्वत व्यापाऱ्यांशी त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवहार होता, एकमेकांची तोंडे न पाहता, पोर्तुगीज भाषेतील पत्रांवर. ज्या गोव्यात यहुद्यास पाऊल टाकणे प्राणघातक होते, त्या गोव्यातला त्याचा भरवशाचा मुखत्यार एक सारस्वत असावा, ही गोष्ट मराठीत यापूर्वीच सविस्तर लिहिली जावयास हवी होती.

या चारही प्रवाहांचा मी ऋणी आहे. तरीही माझे मत असे की चौघांनीही कुटुंबास पेढी समजून वाचले. विश्वासाचे जाळे हा शब्दप्रयोग सुंदर आहे; परंतु ते विणणारे सूत म्हणजे कोणाची तरी चौदा पंधरा वर्षांची मुलगी, जिचा विवाह दुसऱ्या बंदरातल्या चुलत्याच्या मुलाशी ठरला, हे त्या सौंदर्यात हरवते.

आज हा विषय का? एक कारण अगदी डोळ्यांपुढचे आहे. चेन्नई हे आश्रितांचे शहर आहे. १९६० च्या दशकात ब्रह्मदेशातून उखडलेल्या तामिळांनी बंदरालगत दुकाने थाटली. त्या बर्मा बाजारापासून पवळक्कार तेरू चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९८३ नंतर श्रीलंकेतून तामिळ आले. त्यांच्या छावण्यांस २०२१ पासून शासनाने पुनर्वसन छावण्या असे नाव दिले आहे, आणि त्यांत जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. येथे आश्रय मिळतो, पुष्कळदा उदारपणे मिळतो, पण तो हक्क म्हणून लिहून मिळत नाही. परवाना, ओळखपत्र, नूतनीकरण, चौकशी, या शब्दांची धार किल्ल्याच्या दप्तरात मला जी जाणवली तीच त्या छावण्यांच्या दारात जाणवते. पेन्शनीत निघालेल्या सरकारी नोकराने हे लिहावे याचे कोणास आश्चर्य वाटेल. परंतु नोकरीची बरीच वर्षे मी अशाच कागदांवर शेरे मारण्यात घालविली, आणि ज्याच्या कागदावर शेरा पडतो त्याचे घर त्या शेऱ्याकडे कसे पाहत असेल हा विचार मी तेव्हा करावयास हवा होता तितका केला नाही.

प्रस्तुत ग्रंथात मी एका कुटुंबाचा माग आयबेरियापासून मद्रासपर्यंत आणि मद्रासहून पुढे काढण्याचा प्रयत्न केला आहे. पाइव्हा हे त्यातले मुख्य नाव. त्यांच्याभोवती रोद्रिगेश, दो पोर्तो, फोन्सेका ही भागीदारांची घरे येतात. हिऱ्यांचे भाव, पोवळ्यांच्या प्रती, गलबतांची वेळापत्रके हे सर्व त्यात आहे, पण संसारास आवश्यक तेवढेच. राज्यक्रांतीचे, युद्धाचे वर्णन मी आटोपते घेतले, कारण ते अन्यत्र मिळते. घर मोडणे आणि मांडणे यास जागा अधिक दिली. विषय एका शहराचा असला तरी गोवा, कोची, मंगळूर आणि कोकण यांचे दाखले पदोपदी येतील. मराठी माणसास हा इतिहास परका नाही, हे त्यास त्याच्याच किनाऱ्यांवरून समजावे अशी माझी इच्छा आहे.

तारखांविषयी एक खुलासा: इंग्रजांच्या तत्कालीन कागदांत जुन्या पंचांगाची तारीख असते व नवे वर्ष मार्चच्या २५ तारखेस सुरू होते, मी वर्ष जानेवारीपासून धरले आहे, तारीख मात्र कागदातलीच ठेविली आहे. पोर्तुगीज नावे शक्य तेथवर त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

नावांची अडचण अधिक खोल होती. यांतील पुष्कळ माणसांस दोन नावे असत: एक बाप्तिस्म्याचे पोर्तुगीज नाव, जे व्यापारात, परवान्यावर आणि नगरपालिकेच्या यादीत चाले, आणि दुसरे हिब्रू नाव, जे सभास्थानात पुकारले जाई. मद्रासच्या दप्तरात जो आल्वारो द फोन्सेका तोच आपल्या लोकांत याकोब येशुरून आल्वारेस. कोणते खरे मानावे यावर मी बराच काळ अडून बसलो होतो. अखेर असे ठरविले की ज्या कागदाचा आधार घेतला त्या कागदातले नाव त्या ठिकाणी द्यावे, कारण त्या क्षणी त्या मनुष्यास त्याच नावाने हाक मारली गेली होती. ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या वंशावळीत मात्र जेथे दोन्ही नावे हाती आली तेथे ती शेजारी शेजारी छापली आहेत.